चार तासं जुन्या वाणाची

सेलू तालुक्यातल्या एका बाजारगावात एक डॉक्टर होते. दवाखाना दोन खोल्यांचा, बाकड्यावर कायम गर्दी. हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. तोंडातला चट्टा भरत नाही म्हणून कुणी आलं की ते बॅटरी लावून गालाच्या आत बघायचे, परभणीच्या लॅबमधून बायोप्सी करून घ्यायचे आणि रिपोर्ट वाईट आला की चिठ्ठीवर लिहायचे : 'मुंबईला दाखवा.' एवढंच. ती चिठ्ठी घरी गेली की साडू-मेहुणे जमायचे. कुणी रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायचं, कुणी जडीबुटीवाला गाठायचं, कुणी जवळच्या शहरात जिथं नंबर लागेल तिथं इलाज सुरू करून मोकळं व्हायचं. पुढं काय झालं, ते डॉक्टरांना बहुतेक वेळा दहाव्याच्या जेवणाचं निमंत्रण आल्यावरच कळायचं.

माणूस वाईट नव्हता. चिठ्ठी लिहिली की आपली जबाबदारी संपली, असं आपल्याकडं पुष्कळ भल्या माणसांना वाटतं.

एके दिवशी एक बाई तीच चिठ्ठी घेऊन परत आली. भांडायला नव्हे. तिच्या नवऱ्याला मुंबईला पाठवून चार महिने झाले होते. चिठ्ठीच्या पाठीमागं तिथल्या कुणा तरुण डॉक्टरानं लिहिलं होतं : 'चालू अभ्यासासाठी आजार योग्य होता. आधी केमोचे दोन डोस झाल्यानं घेता येत नाही. ब्लॉक सोबत नाही.' बाईनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे आधी कुणी सांगायचं होतं?"

उत्तर नव्हतं. त्या रात्री डॉक्टरांनी मुलाच्या लॅपटॉपवर भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही उघडली. २००७ पासून ही नोंदवही आहे, २००९ पासून तिच्यात नोंद केल्याशिवाय औषधाची चाचणी करता येत नाही, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. कुठला आजार, कुठलं रुग्णालय, कुणाला घेतात, कुणाला नाही, फोन कुणाला करायचा, सगळं तिथं. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडा-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरवर एक महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिलं होतं. २०२२ साली निकाल छापून आला. वर्षभर जगणारे शंभरात सोळा होते, ते त्रेचाळीस झाले. गरिबाला परवडेल असा इलाज असाच कुणीतरी चाचणीत नाव दिल्यामुळं सापडतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं स्टेशनरीच्या दुकानातून एक लांब वही आणली.

वहीतलं पहिलं नाव बापूंचं. वय साठीच्या पुढं, तंबाखूची सवय जुनी, तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नव्हतं. डॉक्टरांनी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात फोन केला, मुंबईला दोन ठिकाणी केला. एका ठिकाणी बापूंना बसेल अशी चाचणी सुरू होती. तसं सांगितल्याबरोबर जावई उसळला.

"आमच्या माणसावर प्रयोग करायलेत का? तिकडं उंदरं संपले का?"

डॉक्टरांनी धाराशिवचं उदाहरण दिलं. टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं तिथं खेडोपाडी जाऊन १,३१,७४६ बायांचा अभ्यास केला; एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारी मरणं आठ वर्षांत निम्म्यावर आली. २००९ साली ते साऱ्या जगानं वाचलं.

"अन् तपासणी दिलीच नाही त्या बायांचं काय?"

जावई कमी शिकलेला असेल, पण प्रश्न नेमका होता. याच मुद्द्यावर पुढं मोठमोठ्या डॉक्टरांमध्येही वाद झाला. डॉक्टरांनी तो झाकला नाही. म्हणाले, "हेच विचारायचं. मुंबईला गेल्यावर पहिला प्रश्न हाच : दुसऱ्या गटाला काय देणार? इथं दुसऱ्या गटाला आज चालू आहे तोच इलाज आहे, रिकाम्या हातानं कुणी नाही. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो, आपण नाही अन् तेही नाहीत. कागद मराठीत मागा. मधेच सोडावं वाटलं तर सोडा, नेहमीचा इलाज बंद होत नाही. चाचणीमुळं अपाय झाला तर उपचार अन् भरपाई त्यांच्याकडं, २०१९ चा नियमच आहे."

जावई तरी मान हलवेना. तेव्हा बापू दातांच्या फटीतून बोलले.

"विद्यापीठाचे लोक आपल्या वावरात सोयाबीनचं नवं वाण पेराया आले, तवा शेजारी चार तासं जुन्या वाणाची कामून ठिवली?"

जावयाला ठाऊक होतं. त्या साली तिफणीमागं तोच होता.

"मंग? जुनं शेजारी नसलं तर नवं उतरलं का नुसता पाऊस चांगला झाला, कोण सांगंल?"

या वेळची चिठ्ठी पानभर झाली. बायोप्सीची तारीख आणि नंबर, शुगरची गोळी कुठली, कुठल्या वारी कुणाला भेटायचं, आणि खाली लाल शाईत : 'अद्याप कोणताही उपचार सुरू केलेला नाही.' कंपाउंडर परभणीला जाऊन लॅबमधून ब्लॉक घेऊन आला. जेमतेम इंचभर मेणाचा ठोकळा, आत बायोप्सीचा तुकडा, कडेला नंबर. तो कापसात गुंडाळून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी जावयाच्या हातात दिली.

बापूंच्या वाट्याला जुनाच इलाज आला. जावयानं फोनवर डॉक्टरांना चार शब्द सुनावले. पण जुना का होईना, तो वेळेवर सुरू झाला, ठरल्या तारखांना झाला, आणि तारीख चुकली की मुंबईहून फोन यायचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली, तिथं चार जिल्ह्यांची माणसं भेटली. पुढच्या मृगाला बापू बांधावर खुर्ची टाकून पेरणी बघत होते. आणखी किती वर्षं, हे कुणी सांगितलेलं नाही.

चाचणीचा निकाल अजून लागायचा आहे. वहीत बापूंच्या खाली आता सहा नावं आहेत. त्यांतल्या दोघांनी चाचणीला नको म्हटलं. त्यांची चिठ्ठीही डॉक्टरांनी पानभरच लिहिली, आणि ब्लॉक आणायला कंपाउंडर त्यांच्यासाठीही परभणीला गेला.