खोड सांगून ठरलेली किंमत

नवी असताना 60 लाखांना घेतलेली जर्मन सेदान सात-आठ वर्षांनी एक तृतीयांश किमतीला, कधी त्याहूनही कमी किमतीला विकायला निघते. पुण्या-मुंबईत अशा गाड्यांचा मोठा बाजार आहे आणि तिथे येणारा प्रत्येक जण श्रीमंत असतो असे नाही. साध्या नव्या गाडीच्या पैशात मर्सिडीज दारात उभी राहते, हे गणित पगारदार माणसालाही भुरळ घालते. त्या गणितात एक गोष्ट मात्र सुटते. वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. 20 लाखांना घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला, तर बिल 60 लाखांच्या गाडीचेच येते. अशा सौद्यात लपवलेला एक दोष एखाद्या कुटुंबाची वर्षाची बचत खाऊन टाकू शकतो.

सौदा सहसा ठरतो तो असा. विकणारा सांगतो, "एक रुपयाचं काम नाही साहेब, घ्या आणि चालवा." घेणारा गाडीभोवती फिरून नाक मुरडतो, नसलेले आवाज ऐकतो, मित्राला हीच गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळाल्याचे ठोकून देतो. घासाघीस करत दोघे मधल्या कुठल्या तरी आकड्यावर येतात आणि सौदा रास्त झाला असे मानून इसार दिला-घेतला जातो. पण रास्तपणा त्या मधल्या आकड्यात नसतो. आकडा ठरला तेव्हा गाडीविषयी एकाला जे ठाऊक होते ते दुसऱ्यालाही ठाऊक होते का, एवढाच प्रश्न खरा आहे.

कायद्याने हा प्रश्न अर्धाच सोडवला आहे. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या 17व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली घोड्याची उदाहरणे आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे, तरी तो काहीच बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, आणि त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते. पुढे 19वे कलम घेणाऱ्यावरही भार टाकते. साधी काळजी घेतली असती तर खरे कळले असते, अशा ठिकाणी केवळ दुसरा गप्प राहिला म्हणून करार मोडता येत नाही. व्यापाऱ्याकडून गाडी घेतली तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. पण एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या गाडीला तो आधार मिळत नाही.

परक्याला सांगायचे नाही आणि मुलीला सांगायचे, ही फूटपट्टी बाजाराला पुरत असेल. माणसाला ती पुरू नये. पोटच्या मुलीला ही गाडी आपण याच शब्दांत, याच किमतीला दिली असती का, हा प्रश्न विकणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. 1872च्या कायद्याने तो नकळत आपल्या हाती दिला आहे.

हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने ख्रिस्तपूर्व 44 मध्ये कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे केले आहे. एक घर विकायचे आहे. ते रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांत साप निघतात आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. टार्ससचा अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्याहून हे वाईट आहे, कारण इथे तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेने जाऊ देता. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो आणि पुढे एका खटल्याची हकीकत सांगतो. रोममधल्या सेलियन टेकडीवरच्या एका घराचा उंच भाग पाडा, असा आदेश शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिला होता. मालकाने आदेश गुपचूप ठेवून घर विकले. पाडापाडीचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडला. न्यायाधीश मार्कस केटो यांनी निकाल दिला, की विकताना माहीत असून सांगितले नाही, तेव्हा नुकसान विकणाऱ्यानेच भरून द्यावे.

हा खटला आजच्या गाडीबाजारात जसाच्या तसा उभा राहू शकतो. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे नियम सैलही झाले. पण दरम्यान चांगल्या स्थितीतल्या महागड्या डिझेल गाड्या स्वस्तात दुसऱ्या राज्यांत गेल्या. दिल्ली पासिंगची गाडी महाराष्ट्रात कायम ठेवायची तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, इथला रस्ता कर भरावा लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो. जाहिरातीतल्या किमतीत यातले काहीच नसते. विकणाऱ्याला हे ठाऊक असते. घेणाऱ्याला ते आरटीओत पोहोचल्यावर कळले, तर केटोंचा निकाल इथेही लागू आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला होता. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्याची मुदत वस्तूगणिक ठरवून दिली आहे: बियाण्याला 10 दिवस, रत्नांना 7, ओझे वाहणाऱ्या जनावराला 5, दुभत्या जनावराला 3. दोष जितका उशिरा दिसणारा, तितकी मुदत मोठी, असे त्यामागचे धोरण दिसते. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, म्हणजे आकडा गुप्त असे. पण बैल मारका आहे का, जुवाला बसतो का, हे सगळ्यांसमोर विचारले जाई आणि त्याला चालवून, जुंपून पाहिले जाई. भाव झाकला तरी चालेल, खोड झाकू नये, हा क्रम योग्य होता.

गाडीच्या बाबतीत आज तो उलटा झाला आहे. भाव पाटीवर असतो, खोड आत असते. आणि महागड्या गाडीची खोड पंधरा मिनिटांच्या फेरीत दिसत नाही. ग्राहक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवले की थंड इंजिनातली टायमिंग चेनची खरखर ऐकू येत नाही. स्कॅनर लावून संगणकातल्या त्रुटींच्या नोंदी पुसल्या की डॅशबोर्डवरचा दिवा विझतो आणि पुन्हा लागायला बरेच अंतर जावे लागते. हवेवरच्या सस्पेन्शनची गळती रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत दिसते, कारण सकाळी तिचा एक कोपरा खाली बसलेला असतो. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो नुसता बघून कळत नाही. सर्व्हिसच्या नोंदी तारखेनुसार लावल्या तर कळतो.

यात सर्वांत घातक ती पुरात बुडालेली गाडी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या 75 टक्क्यांहून जास्त असेल तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. पण तिचा सांगाडा लिलावात जातो, तिथून गॅरेजमध्ये, आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतो. आलिशान गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सीटखाली, गालिच्याखाली बसवलेले असतात. तिथले जोड लगेच मरत नाहीत, काही महिन्यांनी गंजतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर चिखलाची रेघ सापडते, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ सापडतो. विकणाऱ्याने आधीच सांगितले असते, तर ग्राहकाला ही शोधाशोध करावी लागली नसती.

गप्प राहणाऱ्याला वाटते की यात नुकसान एकाच माणसाचे होते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन ते तसे नाही हे दाखवले. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत नीट राखलेली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून तिचा मालक बाजारातून बाहेर पडतो. मग उरलेल्या गाड्यांचा दर्जा आणखी घसरतो आणि किंमतही. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेल्या या निबंधातील विचाराबद्दल अकरलॉफ यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दर सहा महिन्यांनी तेल बदलणाऱ्या, प्रत्येक पावती जपून ठेवणाऱ्या शेजाऱ्याच्या गाडीचा भाव कोण पाडतो, याचे उत्तर त्या निबंधात आहे.

मग दोष असलेल्या गाडीची किंमत लावायची कशी? वय आणि किलोमीटर यांची घट एकदाच धरावी. टायर झिजलेले, ब्रेक पॅड संपत आलेले, बॅटरी जुनी, हे आठ वर्षांच्या गाडीचे रूपच आहे आणि बाजारभावात ते बरेचसे आधीच आलेले असते. तरीही घेणारा त्याचे पैसे पुन्हा वेगळे कापून मागतो. तो हिशेब घेणाऱ्याचा अप्रामाणिकपणा आहे आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. वयामुळे नव्हे तर बिघाडामुळे आलेला खर्च, उदाहरणार्थ गळणारे सस्पेन्शन किंवा झटके देणारा गिअरबॉक्स, पूर्णपणे वजा व्हायला हवा. तो अंदाजाने नव्हे, दोघांना मान्य अशा गॅरेजच्या लेखी अंदाजपत्रकावरून. कधी गॅरेजवालाही सांगू शकत नाही की काम 50 हजारांत भागेल की 4 लाखांत जाईल. अशा वेळी ठरलेल्या रकमेतला एक हिस्सा महिना-दोन महिने राखून ठेवावा आणि दोष उघड झाला तर खर्च कोणी किती सोसायचा हे आधी लिहून घ्यावे. विकणाऱ्याला हे नको असेल, तर त्याचा नकारही घेणाऱ्याला बरेच काही सांगून जातो.

आणि काही दोषांना किंमत लावताच येत नाही. चासी वाकलेली, पुरात बुडालेली किंवा एअरबॅग उघडून गेल्यावर नुसते आवरण बसवलेली गाडी कितीही स्वस्त दिली तरी सौदा रास्त होत नाही, कारण तिच्यात उद्या घेणाऱ्याची मुले बसणार असतात.

घेणाऱ्याच्या जबाबदारीकडे आपले लक्ष कमी जाते. सिसेरोनेच क्विंटस म्युसियस स्कीव्होला या कायदेपंडिताची गोष्ट दिली आहे. त्याला एक शेत विकत घ्यायचे होते. त्याने एकच किंमत विचारली, विकणाऱ्याने ती सांगितली. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते शेत याहून मोलाचे आहे, आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर दिले. एवढी अपेक्षा कुणाकडून ठेवता येणार नाही. पण मालक इस्पितळाच्या बिलासाठी गाडी विकतो आहे हे कळल्यावर मुद्दाम दोन दिवस फोन न उचलणे, इसार देऊन इतर गिऱ्हाइके परत पाठवायला लावणे आणि आरटीओच्या दारात "एक लाख कमी करा, नाहीतर राहू द्या" म्हणणे, हे प्रकार बाजारात चातुर्य म्हणून सांगितले जातात. ती लूट आहे. दोष लपवणारा विकणारा आणि अडचण हेरणारा घेणारा यांच्यात नीतीच्या दृष्टीने फरक करण्याचे कारण नाही.

दोष दाखवून सवलत घेतलेल्या माणसावर एक कर्तव्य येऊन पडते. ज्या खोडीसाठी त्याने दोन लाख कमी दिले, ती खोड तीन वर्षांनी गाडी विकताना पुढच्याला सांगायची आणि तेवढी सवलत त्यालाही द्यायची.

मालकी बदलताना फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरावे लागतात. त्यांत नाव, पत्ता, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक असे सारे आहे. गाडीच्या दोषांसाठी रकाना नाही. तो रकाना दोघांनी स्वतःच एका साध्या कागदावर तयार करावा. माहीत असलेले सर्व दोष, झालेले अपघात, घेतलेले विम्याचे दावे आणि त्यांपोटी कमी केलेली रक्कम त्यावर लिहावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि तो कागद आरसीबरोबर गाडीच्या पुढच्या मालकाकडे द्यावा. येत्या आठवड्यात जो कुणी गाडी विकायला काढणार असेल, त्याने ग्राहकाला पहिला फोन करण्याआधी हा कागद लिहून ठेवावा.