ऐकलेलं आणि मानलेलं

कमरीपेठेतल्या आमच्या घरात नेटची वायर ओढून झाल्यावर सात-आठ मीटरचा तुकडा उरला. काम करणाऱ्या मुलाला विचारलं, "ही तुझी की आमची?" तो म्हणाला, "पैसे तुम्हीच दिलेत, ठेवा." विचारून घेतलं की मनाला टोचत नाही. माझ्या मुलाने त्याची स्पीकरची वायर करायला घेतली.

काम सोपं आहे. वरचं प्लास्टिक सोललं की पीळ दिलेल्या चार जोड्या निघतात: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी, पट्ट्याची जोडीदारीण. चार रंगीत तारा एकत्र पिळून लाल टोकाला, चार पांढऱ्या काळ्या टोकाला. एकेक तार जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण चार मिळून घरच्या स्पीकरला पुरतात. तांबं मात्र खरं हवं. मुलाम्याचं ॲल्युमिनियमही विकतात, पात्याने खरवडलं की पांढरं दिसतं. आणि दोन्ही टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, नाहीतर ॲम्प्लिफायर जायचा. मुलाने हिशेब मांडला: तीन मीटरला जाऊन-येऊन रोध ओहमचा आठवा हिस्सा, स्पीकर आठ ओहमचा. "आई, जुनी काय, नवी काय, कानाला फरक कळणार नाही." मग एवढा खटाटोप कशाला? तर हौस.

सासूबाईंना गंगूबाई हनगल लागतात. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून आगगाडीने जाणाऱ्या गंगूबाई त्यांना घरच्याच वाटतात. २००९ साली त्या गेल्या तेव्हा आमच्याकडे दिवसभर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. तर त्या दिवशी ध्वनिफीत लागली आणि सासूबाई म्हणाल्या, "आता कसा स्वच्छ आवाज आला! बाई समोर बसून गातायत." मुलगा माझ्याकडे बघत राहिला. नवी वायर त्याने अजून जोडलीच नव्हती. कपाट सरकवून धूळ पुसली होती, एवढंच.

मी खुणेनेच नको म्हटलं. दुसऱ्याला संकटात घालणारं सत्यही बोलू नये, हे लहानपणापासून ऐकलंय. इथे कसलं संकट? म्हातारीचा आनंद. आणि त्या खोटं कुठे बोलत होत्या? त्यांनी ऐकलं ते ऐकलंच. नव्या भांड्यातला चहा मलाही गोड लागतो. हजारो रुपयांची वायर घेणाऱ्यालाही असंच ऐकू येत असेल.

पण चार दिवसांनी त्या शेजारणीला सांगताना ऐकलं, "डॉक्टर कानाला यंत्र लाव म्हणतो. कशाला? वायर बदलली आणि सगळं ऐकू यायला लागलं." माझ्या पोटात गोळा आला. आमच्या गप्प बसण्याला त्यांनी पुरावा केलं होतं. मी ज्याला दया म्हणत होते त्यात माझी सोयही होती. त्यांची नाराजी मला नको होती.

रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. "आत्याबाई, त्या दिवशी जुनीच वायर होती." त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आणि तू चार दिवस ठेवून घेतलंस?" यंत्रावर मी बोलण्याची तयारी केली होती, ह्यावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नातवाला हाक मारली. "ती तुझी वायर जोड आता. आणि ह्या खेपेला काय केलंस ते आधी सांगू नको."

डॉक्टरांचं नाव अजून काढलेलं नाही.