दहा टनांचं पाप

जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या सीमा एका टेकडीवर एकत्र येतात. डच लोक तिला फाल्सरबर्ग म्हणतात. उंची जेमतेम ३२२ मीटर. मी या टेकडीच्या जर्मन बाजूला, आखेन शहरात राहतो. भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं हे ठरलेलंच. सीमेच्या खांबाभोवती एक फेरी मारली की दहा सेकंदांत तीन देश होतात. ना पासपोर्ट, ना शिक्का.

मालट्रकला मात्र ही फेरी इतकी सोपी नाही. नेदरलँड्समध्ये देशांतर्गत फिरणाऱ्या ट्रकचं मालासकट वजन ५० टनांपर्यंत चालतं. बेल्जियममध्ये ४४. जर्मनीत, रेल्वेला जोडलेल्या कंटेनर वाहतुकीसारखे अपवाद सोडले तर, ४०. म्हणजे तोच ट्रक, तोच माल, तोच ड्रायव्हर. टेकडीच्या एका बाजूला तो सज्जन आणि दुसऱ्या बाजूला गुन्हेगार.

मग त्या जास्तीच्या दहा टनांत पाप नेमकं कुठे आहे?

युरोपचा नकाशा उघडला तर गोंधळ आणखी वाढतो. फ्रान्स, इटली आणि ब्रिटनमध्ये ४४ टन. पोलंडमध्ये ४०. चेकियात ४८. स्वीडनमध्ये ठरावीक रस्त्यांवर ७४. फिनलंडमध्ये २०१३ पासून चक्क ७६. युरोपियन युनियनचा १९९६ चा एक नियम आहे. त्यानुसार ४० टनांपर्यंतचा नियमात बसणारा ट्रक दुसऱ्या देशातून आला म्हणून कोणी अडवायचा नाही. पण आपल्या हद्दीत त्याहून जास्त वजन चालवायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

हे सगळं वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया काय होते, ते मला माहीत आहे. ‘बघा, शेवटी सगळं मानण्यावर आहे. नियम म्हणजे कुणीतरी टेबलाभोवती बसून काढलेला आकडा.’ आपण हे वजनाबद्दल म्हणतो, मग दारू पिण्याच्या वयाबद्दल, मग लग्नाबद्दल, आणि बोलता बोलता बरोबर-चूक असं काही नसतंच इथपर्यंत येऊन पोहोचतो. परदेशात राहणाऱ्या माणसाला तर हा मोह रोजचाच. पण ट्रकच्या बाबतीत हा युक्तिवाद अर्ध्या वाटेतच बंद पडतो, कारण रस्ता ही मानण्याची गोष्ट नाही.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक फिरवले गेले. किती वजनाने रस्ता किती लवकर खराब होतो, ते मोजायचं होतं. त्यातून निघालेला ठोकताळा इंजिनिअर आजही वापरतात: एका ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सुमारे सोळापट होते. साध्या कारच्या एका ॲक्सलवर पाऊण टन येतं असं धरा आणि ट्रकच्या ॲक्सलवर आठ टन. वजनात फरक दहा-अकरा पटींचा, पण झिजेत दहा हजार पटींहून जास्त.

या हिशेबाने आकड्यांकडे पाहिलं तर चित्र बदलतं. जर्मनीत ४० टनांचा ट्रक साधारण पाच ॲक्सलवर चालतो, म्हणजे सरासरी आठ टन प्रत्येकी. ब्रिटनमध्ये ४४ टनांना सहा ॲक्सल लागतात, म्हणजे सव्वासात टनांच्या आसपास. ट्रक जड, तरी रस्त्याला त्रास थोडा कमीच. फिनलंडचा ७६ टनांचा अजस्र ट्रक नऊ ॲक्सलवर धावतो, सरासरी साडेआठ टनांच्या आत. त्यामुळे ७६ हा आकडा ४० च्या जवळजवळ दुप्पट बेशिस्त नाही. आकडे वेगळे, पण त्यांच्यामागची काळजी एकच आहे: सगळ्यांचा रस्ता आणि सगळ्यांचे पूल टिकावेत.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने नेमका हा फरक करून ठेवला आहे. त्याच्या मते काही नियम मूळ तत्त्वातून थेट निघतात. दुसऱ्या प्रकारच्या नियमांत तत्त्व फक्त दिशा देतं आणि नेमकेपणा माणसांनी आणायचा असतो. त्याचं उदाहरण घराचं आहे. घर हवं हे ठरलेलं असतं, पण त्याचा आकार कसा असावा हे बांधणाऱ्याला ठरवावं लागतं. दोन गवंड्यांनी दोन आकारांची घरं बांधली म्हणून ‘घर ही निव्वळ कल्पना आहे’ असं कोणी म्हणत नाही. तसंच ४० आणि ५० चं. ‘दुसऱ्याच्या वाट्याचा रस्ता खाऊ नकोस’ हे तत्त्व टेकडीच्या तिन्ही बाजूंना तेच आहे.

तरीही एक खोच उरते. ४०,००० किलोला ठीक आणि ४०,००१ ला चूक, असं कसं? त्या एका किलोने तर काहीच बिघडत नाही.

खरंच बिघडत नाही. आखेनहून पूर्वेला लुडेनशाइड नावाचं शहर आहे. त्याच्याजवळ ए-४५ महामार्गावर १९६० च्या दशकात बांधलेला एक मोठा पूल होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या पोलादात धोकादायक बाक आढळले आणि तो एका दिवसात बंद झाला. मे २०२३ मध्ये स्फोट करून तो पाडला. मधल्या काळात महामार्गावरचे ट्रक शहरातल्या रस्त्यांवरून, लोकांच्या खिडक्यांखालून जात राहिले. आता सांगा, तो पूल कोणत्या ट्रकने निकामी केला? कोणत्याच एका नाही. अर्धशतकभर प्रत्येक ट्रकने थोडाथोडा केला, बहुतेकांनी कायद्यात राहून. ज्याने जास्त वजन भरलं, त्यालाही प्रामाणिकपणे म्हणता आलं असतं की माझ्यामुळे काही झालं नाही.

म्हणून मला वाटतं, वजनाची मर्यादा ही धोक्याची रेषा कमी आणि वाटणी जास्त आहे. सार्वजनिक पंगतीत प्रत्येकाला दोन जिलब्या ठरल्या असतील, तर तिसरी खाल्ल्याने कोणी मरत नाही. पण ती कोणाच्या तरी पानातली असते. तीन किंवा चार जिलब्या ठरवता आल्या असत्या हे खरं. पण ठरल्यावर ती मोडणारा आकड्याला फसवत नसतो, शेजारी बसलेल्यांना फसवत असतो.

अर्थात वाटणी असेल तर ती करणाऱ्यांनाही प्रश्न विचारायला हवेत. स्वित्झर्लंडची मर्यादा २००० सालापर्यंत २८ टन होती. आल्प्सच्या दऱ्यांत राहणाऱ्यांना ती हवीच होती. पण आसपासच्या देशांतले ४० टनांचे ट्रक नाहीसे झाले नाहीत. ते ऑस्ट्रियातल्या ब्रेनर घाटातून आणि फ्रान्समधून वळसा घालून गेले. एका दरीतली शांतता दुसऱ्या दरीच्या झोपेतून वजा झाली. पुढे युरोपियन युनियनशी बोलणी होऊन मर्यादा २००१ मध्ये ३४ आणि २००५ मध्ये ४० टन झाली. त्याबरोबर ट्रकचं वजन, अंतर आणि धूर यांवर आधारित कर आला, आणि त्यातला मोठा भाग आल्प्सखालच्या रेल्वे बोगद्यांना गेला. मला हा सौदा २८ टनांपेक्षा जास्त नैतिक वाटतो. आकडा वाढला, पण झिजेचं बिल ज्याचं त्याच्या हातात आलं. कमी आकडा म्हणजे जास्त सद्गुण, असं समीकरण नाही.

इथपर्यंत हा वाद सभ्य आहे. आता एक असा आकडा, ज्यावर वाद घालता येत नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये तार्न नदीवर, मिरपुआ-स्युर-तार्न या गावी एक जुना झुलता पूल होता. त्याच्या तोंडाशी १९ टनांची पाटी होती. १८ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी ४० टनांहून बराच जास्त वजनाचा एक ट्रक त्यावर चढला आणि पूल कोसळला. ट्रकचालक गेला. त्याच वेळी पुलावर असलेल्या कारमधली पंधरा वर्षांची मुलगीही गेली. फ्रान्समधल्या मोठ्या रस्त्यावर ४४ टन ही तडजोड आहे. त्या पुलावरचे १९ टन ही तडजोड नव्हती. ती त्या पुलाची ताकद होती.

आणि दोन्ही पाट्या दिसतात सारख्याच. लाल वर्तुळ, पांढरी पार्श्वभूमी, आत एक आकडा. यातला कोणता चर्चेतून आलेला आणि कोणता पोलादी दोराच्या तणावातून, हे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला बाहेरून कळत नाही. ‘नियम काय, माणसांनीच बनवलेले’ हे वाक्य ज्याच्या अंगवळणी पडलं, तो एक दिवस ते चुकीच्या पुलावर म्हणतो. ट्रक भरणारा, वेळापत्रक लावणारा आणि स्वस्त भाड्यासाठी घासाघीस करणारा, हे सगळे ते वाक्य त्याच्याआधी म्हणून बसलेले असतात. आणि ज्याच्यावर पूल पडतो, त्याला कोणी काही विचारलेलं नसतं.

तेव्हा त्या दहा टनांतलं पाप वजनात नाही, हे मला मान्य आहे. ते आपण केलेला हिशेब पुरेसा आहे असं मानून, न विचारता दुसऱ्याला त्यात धरण्यात आहे. आकडे बदलायला हवे असतील तर बदलावेत. युरोपियन कमिशनने २०२३ मध्ये ४४ टनांच्या ट्रकना काही सीमा ओलांडू द्याव्यात असा प्रस्ताव मांडला, तसं उघडपणे, ज्यांचे रस्ते आणि दऱ्या आहेत त्यांच्यासमोर. पण तोवर पाटीवरचा आकडा खरा धरून चालावं. आपण फक्त रस्ता पाहिलेला असतो. पुलाची खालची बाजू पाहून कुणीतरी तो आकडा लिहिलेला असू शकतो.