‘अपात्र’ म्हणताना कारण द्या

मे २०२५ मध्ये ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या निविदेत लार्सन अँड टुब्रो तांत्रिक छाननीत बाद झाली. का, हे तिला कळवले नव्हते. ठेका दिला जाईपर्यंत छाननीची माहिती द्यायची नाही, ही निविदेतलीच अट मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पुढे केली. उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेरनिविदा काढणार का, असे विचारले आणि ३० मे रोजी प्राधिकरणाने सुमारे १४ हजार कोटींची प्रक्रियाच मागे घेतली. आपली बोली सुमारे तीन हजार कोटींनी कमी होती, असे कंपनीचे म्हणणे. तिला बाद करणे योग्य होते की नव्हते, याचा निवाडा झालाच नाही.

बड्या कंपनीला दिल्ली गाठता आली. अर्धापूरच्या छोट्या गुत्तेदाराचे काय? नालीचे किंवा शाळाखोलीचे काम. महाटेंडर या सरकारी पोर्टलवर कागद चढवले, बयाणा भरला, आणि एके दिवशी नावापुढे ‘अपात्र’ दिसले. दाखल्याची मुदत संपली होती, की कामाचा अनुभव धरला नाही? कार्यालयात जावे तर साहेब दौऱ्यावर. दाद मागायची तर छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ, आणि दहा-बारा लाखांच्या कामात वकिलाची फी कुठून काढायची? दोन ओळींचे लेखी कारण, तेही आर्थिक लिफाफा उघडण्याआधी, एवढाच न्याय त्याच्या आवाक्यात आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत बोलीदाराने विचारल्यास कारण सांगावे, असे आहे. विचारण्याची वाट तरी का पाहावी?

कारण उशिरा कळले की दादही उशिरा मागितली जाते आणि न्याय हातचा जातो. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचा ठेका अटीत न बसणाऱ्याला दिला गेला होता. १९७९ मध्ये रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भगवतींनी बजावले की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट पाळलीच पाहिजे. तरी ठेका रद्द झाला नाही. दाद उशिरा मागितली होती, तोवर नव्या ठेकेदाराचा खर्च होऊन बसला होता. शिवाय अर्जदाराचा स्वतःचा खरा हितसंबंध न्यायालयाला दिसला नाही.

ही शेवटची गोष्ट बाद झालेल्यांनीही मनाला लावून घ्यावी. काही तक्रारी कामासाठी नसतातच. देणेघेणे मिटले की अर्ज मागे. मग खऱ्या गुत्तेदाराचा अर्जही ‘सेटलमेंटसाठी आलाय’ म्हणून फायलीखाली जातो. अपात्रतेचे कारण आधीच पोर्टलवर लेखी असेल, तर कोणता अर्ज खरा हे कुणालाही ताडून पाहता येईल.