पत्रिकेत नाव टाकलं का?

वऱ्हाडातली लग्नपत्रिका खालून वर वाचावी. वरचा भाग सगळीकडे सारखाच: गणपती, कुलदैवत, चि. आणि चि. सौ. कां., मुहूर्त, मंगल कार्यालयाचा पत्ता. खरी पत्रिका त्याखाली सुरू होते. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, मामा मंडळ, जावई मंडळ, गावातलं मित्र मंडळ आणि शेवटी, ज्यांना अजून धड बोलताही येत नाही अशा पोरांच्या नावानं छापलेलं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' अंजनगावापासून मूर्तिजापूरपर्यंत कुठल्याही घरातली पत्रिका काढून पाहा. लग्न दोघांचं, नावं चाळीस-पन्नास. निवडणूक जवळ आली असेल तर आमदार, माजी आमदार आणि भावी आमदार एकाच ओळीत गुण्यागोविंदानं नांदतात.

पर्यावरणपूरक लग्नाची गोष्ट निघाली की पहिला नंबर पत्रिकेचा लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण बोलणं कागदाच्या प्रकारावरच अडतं. पुनर्वापराचा घ्यावा, बियांचा घ्यावा, की सरळ मोबाइलवर पाठवावी? नावांच्या यादीला कोणी हात लावत नाही. माझं म्हणणं, कागद वाढतो तो या यादीमुळे. ज्याचं नाव छापलं, त्याला 'आपल्या माणसांसाठी' म्हणून दहा-वीस पत्रिका द्याव्या लागतात. ज्याचं राहिलं तो म्हणतो, "माह्यं नाव नाही पत्रिकेत, तं मी कायले येऊ लग्नाले?" मग त्याच्यासाठी नवी छपाई होते आणि जुना गठ्ठा कपाटावर जातो. मानपान हे पत्रिकेचं खरं काम. मुहूर्त कळवण्याचं काम तर फोननं केव्हाच उरकलेलं असतं.

या पत्रिकेचं पुढे होतं काय? पूर्वीची पत्रिका म्हणजे हळदीची बोटं लावलेला साधा रंगीत कागद. तो चुलीत गेला तरी चालायचं, मातीत गेला तरी. आताच्या पत्रिकेवर चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, सोनेरी फॉइल असतं, मखमल, चमकी, खडे आणि एखादा गोंडाही असतो. जुना कागद पुन्हा वापरायचा तर तो पाण्यात भिजवून त्याचा लगदा करावा लागतो. पापुद्रा चढवलेला कागद नीट भिजतच नाही, आणि फॉइल-चमकी लगद्यात मिसळली की सगळा माल बिघडतो. म्हणून वर्तमानपत्र किलोवर घेणारा रद्दीवाला पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारतो. त्यातून वर गणपती छापलेला. देवाचं चित्र कचऱ्यात कसं टाकायचं? मग पत्रिका वर्षभर दिवाणाखाली राहतात आणि एका सफाईच्या दिवशी पिंपळाच्या पारावर किंवा नदीत जातात. श्रद्धा म्हणावी तर देव पारावर पावसात भिजत पडलेला. निदान पत्रिकेवर देव छापू नये, एवढं तरी आपण ठरवायला हरकत नव्हती. साधा हिशेब करू. पाकिटासकट जाड पत्रिका ५० ग्रॅमची धरली, तर हजार पत्रिकांचा ५० किलो कागद होतो. एका लग्नात वराकडचे आणि वधूकडचे छापतात ते वेगवेगळे.

बियांच्या कागदाची सध्या चलती आहे: पत्रिका कुंडीत पुरा, झेंडू किंवा तुळस उगवेल. कल्पना गोड आहे. पण आपल्याकडची बरीच लग्नं एप्रिल-मेमध्ये. तेव्हा अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास असतो, नळ काही दिवसांआड येतो आणि खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पाहुण्यानं त्या पाण्यावर पत्रिका उगवावी ही अपेक्षा जरा जास्तच झाली. बियांचं काम मनापासून करणारी माणसं आहेत. नागपूरच्या पलीकडे, छिंदवाडा जिल्ह्याच्या मराठी बोलणाऱ्या सौंसर भागात पारडसिंगा नावाचं गाव आहे. तिथे कलाकार श्वेता भट्टड यांच्या ग्राम आर्ट प्रोजेक्टमध्ये गावातल्या बाया देशी कापसाच्या बीज-राख्या बनवतात. पण राखी पावसाळ्यात येते, म्हणून ती उगवते. आपण नुसती नक्कल करतो आणि ऋतू विसरतो.

मोबाइलवरच्या पत्रिकेनं कागद वाचतो, यात शंका नाही. मात्र तिची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला ती पोचत नाही. पोचली तरी 'बलावलं' असं त्याला वाटत नाही. दुसरं चोरीचं. २०२५ मध्ये वाशीमला लागून असलेल्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचं निमंत्रण आलं. त्यातली फाइल उघडली आणि खात्यातले जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. अनोळखी नंबरावरून पत्रिका आली तर उघडू नये, असं आता सांगावं लागतं.

कागद कुठून येतो हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. बल्लारपूरच्या कागद कारखान्यानं गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू वर्षानुवर्षं खाल्ला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचे वाहतूक परवाने हातात पडायला २०११ उजाडलं. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली या गावानं बांबूच्या एकेका काडीसाठी कागदोपत्री लढाई केली.

झाड न तोडता कागद होत नाही, असंही नाही. आपल्या नोटा कापसाच्या कागदावर छापतात. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथे कापडाच्या चिंध्यांपासून कागद होतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातली हातकागदाची परंपरा तर कित्येक शतकांची. आणि आपण? दीडशे वर्षं कापसावर जगलेला हा मुलूख. इथून गाठी मँचेस्टरला गेल्या, सरकीचं तेल निघालं, पऱ्हाटी चुलीत गेली, पण चिंधीचा कागद करण्याचा धंदा इथे फारसा रुजला नाही. ऐपत असलेले लोक 'हँडमेड' पत्रिका मागवतात ती थेट जयपूरहून.

आता मांडवात या, कारण खरा ढीग तिथे आहे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागदी कप-ताटल्या आणल्या. कागदी कप नुसत्या कागदाचा असता तर चहा गळून गेला असता. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून तो टिकतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासलं, तर असा कप १५ मिनिटं गरम पाण्यानं भरून ठेवल्यावर १०० मिलिलिटरमागे सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण पाण्यात उतरले. पाहुणा नाश्त्याला एक कप घेतो, पाण्याला चार, जेवणानंतर आणखी दोन. पाहुणे हजार असतील तर मोजणी तुम्हीच करा. शेजारी मेळघाटात पळसाची पानं असताना हे चालतं. पळसाची पत्रावळ आणि द्रोण पंगत उठली की उकिरड्यात जायचे आणि पुढच्या पेरणीला खत होऊन शेतात परतायचे. त्यासाठी कोणाला 'पर्यावरणपूरक' हा शब्द माहीत असण्याची गरज नव्हती. बाजारात पळसाच्या पानाखाली पुठ्ठा नि प्लास्टिक चिकटवलेली पत्रावळही मिळते. ती घेऊ नका. स्टीलची ताटं भाड्यानं मिळतात आणि धुणाऱ्या हातांना कामही मिळतं.

साध्या लग्नाचा विचार आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न भटजीविना आणि अगदी किरकोळ खर्चात लावलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा तर आयुष्यभर हेच सांगत फिरले की कर्ज काढून लग्न करू नका. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून गोड जेवण घातलं आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीला फैलावर घेतलं. आज त्यांच्याच जिल्ह्यातल्या पत्रिकांवर या दोघांची चित्रं सोनेरी फॉइलमध्ये छापतात. ते पाहून गाडगेबाबांनी खराटा कुठे चालवला असता, ते सांगायला नको.

म्हणून माझा आग्रह कागदापेक्षा यादीवर आहे. पत्रिकेत वर-वधू, आईवडील, मुहूर्त आणि पत्ता एवढंच असावं. बाकी एकही नाव नको. कोणाचंच नसलं तर कोणाचं राहिलं हा प्रश्नच उरत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी गावात फिरून हळद-कुंकू आणि अक्षता देऊन बोलवावं, लांबच्यांना फोन करावा. पत्रिका शंभर पुरतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात आणि छापखान्यांत गर्दी होते. त्याआधी सगळ्या भावांनी एकत्र बसून हा निर्णय घ्यावा. आणि एक पत्रिका कपाटात जपून ठेवा. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाह नोंदणीच्या अर्जासोबत ती मागतात.