दुधाची पिशवी

मावशीच्या गळ्यातलं मदत बोलावायचं यंत्र पहिल्यांदा वाजलं ते चुकून. दोरीवरचे कपडे काढताना चादरीत अडकून बटण दाबलं गेलं आणि पुण्यात ऑफिसात बसलेल्या तिच्या मुलाचा, मग सुनेचा, मग माझा फोन एकामागून एक खणाणला. पाच मिनिटांत तिघांचे उलटे फोन. मावशी इतकी ओशाळली की संध्याकाळी तिनं ते काढून कालनिर्णयच्या खिळ्याला अडकवलं. वर म्हणाली, "गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात ना, तसं वाटतं मला."

ती मुंबईत हिंदमाताला राहते, कापडबाजारातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. तीन महिन्यांनी बाथरूममध्ये पाय घसरून पडली तेव्हा बटण खिळ्यालाच होतं. सकाळचे सहा वाजले असतील. नऊ वाजता समोरच्या वहिनी भाजीला निघाल्या आणि त्यांना दिसलं की मावशीच्या कडीला लावलेल्या पिशवीत दूध तसंच आहे. सात वाजता जिचा दुसरा चहा होतो तिचं दूध नऊपर्यंत बाहेर? त्यांनी बेल वाजवली, दार ठोकलं आणि सरळ खाली साडीवाल्याकडे धावल्या. जादा किल्ली त्याच्या गल्ल्यात असते.

हिंदमाताच्या आसपास केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे, सगळी इस्पितळंच. टॅक्सीवाला भाडं नाकारील इतक्या जवळ. तरी मावशी तीन तास ओल्या फरशीवर होती. तेव्हा प्रश्न डॉक्टर किती लांब आहे हा नव्हताच, बाथरूमपासून दार किती लांब आहे हा होता. म्हातारपणी पडण्यापेक्षा पडून राहणं महागात पडतं. अंगाच्या भाराखाली स्नायू दबून राहिले की मरू लागतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं तुंबतात. पाणी मिळत नाही, अंग गार पडतं. मावशीचं मनगटावर निभावलं.

या बटणाची कल्पना पन्नास वर्षांची आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान यांनी अंगावर बाळगायचं असं यंत्र केलं. 1974मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञांनी 'लाइफलाइन' सुरू केली. आता घड्याळंही पडणं ओळखतात. पण 2008मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदीपुढच्या 110 जणांवर वर्षभर नजर ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचला तेव्हा मला मावशीचा खिळाच आठवला. मदत बोलावायचं यंत्र तिथं बऱ्याच जणांकडे होतं. पण जमिनीवर बराच वेळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ते वापरलंच गेलं नाही. कुणी अंगावर घातलं नव्हतं, कुणाला आपलं आपण उठायचं होतं, कुणाला उगाच कुणाला त्रास द्यायचा नव्हता. म्हणजे 'कशाला उगाच त्रास' हे वाक्य आपल्याच घरातलं आहे असं समजायचं कारण नाही.

मला बटणाचा खरा दोष तिथं दिसतो. ते माणसाला स्वतःच्या तोंडानं 'मी हरले' म्हणायला लावतं, तेही मुलगा मीटिंगमध्ये असताना. दुधाची पिशवी असं काही म्हणायला लावत नाही. ती फक्त बाहेर राहते.

जपानी लोकांनी हे ओळखलं. झोजिरुशी कंपनीनं 2001मध्ये पाणी गरम ठेवणारी एक किटली आणली. आजीनं चहाचं पाणी काढलं की ती खबर दूरच्या मुलाला जाते. पाणी काढलं नाही, तर न आलेली खबर हीच खबर. आजीनं काही दाबायचं नाही, गळ्यात बांधायचं नाही, फक्त चहा प्यायचा.

चाळीत ही किटली फुकट होती. शेजारच्या नायगावच्या बीडीडी चाळीत एका इमारतीत 80 खोल्या, मधून एक पॅसेज, सामाईक संडास. कोण उठलं, कोण नाही, हे विचारावं लागत नसे. पण गळा काढायचं कारण नाही. त्याच पॅसेजला कुणाच्या सुनेचं काय बिनसलं तेही कळायचं, आणि 160 चौरस फुटांत आयुष्य काढलेल्या माणसाला 500 चौरस फूट आणि घरातला संडास हवा असतो तो लाड नव्हे. फक्त एवढंच, की त्याच संडासाला आतून कडी असते, त्यापुढे लॅचचं दार, त्यापुढे सेफ्टी डोअर. 2017च्या ऑगस्टमध्ये ओशिवऱ्यात दहाव्या मजल्यावर एका आईचा सांगाडा सापडला. मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा. त्या मजल्यावर दुधाची पिशवी कुणाला दिसणार होती?

सरकारी सोय नाही असं नाही. 2017पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर 5 किंवा 9 आकडा दाबून धरला की मदतीचा फोन लागावा, असा केंद्राचा नियम आहे. मुंबई पोलिसांचा ज्येष्ठांसाठीचा 1090 आहे, देशभरासाठी 14567 आहे, पोलीस ठाण्यात एकट्या ज्येष्ठांची नोंद होते. मावशीला यातलं फक्त शेवटचं माहीत होतं, कारण एकदा हवालदार येऊन चहा घेऊन गेला होता. पण हे सगळं फोन लागेपर्यंतचं. पुढे दार कोण उघडणार? त्यात हे हिंदमाता, पावसाळ्यात तुंबणारं. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पालिकेनं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, फरकही पडला, तरी जोराच्या पावसात भरती आली की इथला माणूस आधी रस्त्याकडे बघतो. पुण्याचा मुलगा सोडा, ठाण्याची भाची तरी कशी पोचणार? अशा दिवशी येऊ शकतो तो त्याच जिन्यावरचा माणूस, आणि किल्ली त्याच्याकडे असेल तरच.

प्लास्टर निघाल्यावर मावशीनं यंत्राचा निकाल स्वतःच लावला. गळ्यात नाहीच. बाथरूममध्ये, फरशीपासून हातभर उंचीवर तिनं एक हुक चिकटवून घेतला आणि त्याला ते टांगलं. "पडल्यावर हात पोचेल तिथं नको का?" कंपनीच्या माहितीपत्रकात हे नाही. आतली कडी ती आता लावत नाही. किल्ल्या तीन झाल्या: साडीवाला, वहिनी, वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा.

यंदाच्या जुलैत एका सकाळी बाजारात पाणी भरलं. मुलानं घाबरून फोन केला.

"अरे, खालच्या दुकानाच्या पायरीला लागलंय नुसतं," मावशी म्हणाली. "दूधवाला काही येत नाही आज. वहिनी उगाच धावत सुटायच्या, म्हणून पिशवी रिकामीच आत घेतली."