शिवेपलीकडे

शीव म्हणजे हद्द. मुंबईचं बेट शीव या भागात संपायचं, पल्याड साष्टीचं बेट. गावाकडे पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडत. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेपार ढकलायचा. साथ शेवटी कुठे जायची, हे कुणी विचारत नसे.

शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोसमोर, मिठी नदीच्या काठाशी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर. सकाळी आत शिरलं की रस्त्यावरचे हॉर्न झाडांमागे विरत जातात आणि चपलेखाली पाचोळा वाजू लागतो. या जागी पूर्वी शहराचा कचरा पडायचा. तो पडणं थांबलं, वर माती आली. ५ जून १९८३ रोजी पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हातून इथे झाड लागलं, तेव्हा त्यांचं वय ८६! सावली मिळेल न मिळेल याचा हिशेब त्या वयात कोण करतं? १९९४ साली उद्यान लोकांना खुलं झालं.

मला भुरळ पडते ती पाचोळ्याची. कचऱ्यावर अंथरलेली माती कितीशी पुरणार? खालचा थर मुळांना सोयीचा नाही. मग रानानं आपली माती आपणच करायची. पान गळतं, भिजतं, वाळवी आणि गांडुळं त्याचा फडशा पाडतात आणि वर बोटभर काळी भर पडते. असं रान सांभाळायचं तर नवी रोपं लावण्याइतकंच पडलेलं पान न उचलणंही कामाचं. आणि पाहुण्यांनी आणलेलं वेफर्सचं पाकीट त्यांच्याच खिशातून परत जाणं. गांडूळ त्याच्या वाटेला जात नाही.

धारावीत कचरा थांबला म्हणून शहराचा कचरा थांबला नाही. तो देवनारला गेला, कांजूरमार्गला गेला. मरीआईचा गाडाच तो, पुढच्या शिवेवर.

आमच्या सोसायटीतल्या पिंपळाची पानंही रोज सकाळी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली जातात आणि त्याच वाटेनं निघतात. परवा झाडणाऱ्या मामांना म्हटलं, "पानं कुंपणाच्या कडेला ओढून ठेवा ना, माती होईल."

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. "साहेब, मी तेच करायचो. कोपऱ्यात पाचोळा दिसता कामा नये, असं गेल्या साली तुम्हीच सांगितलंत."